हिरवी राहिलेली काळवेल

जांभळं पाणी पिवळं व्हायला पाहिजे होतं आणि ते होत नव्हतं. माझं दुःख लोकांना सांगायला गेलं तर एवढंच. आईला तर ते सांगूनही पटायचं नाही. पाणी जांभळं राहिलं म्हणून कुणी जेवण टाकतं का, असं ती विचारायची, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं.

पण त्या पाण्यावर माझी पीएच.डी. अडकली होती, म्हणून जरा समजावून सांगते. चिरलेलं सफरचंद उघडं ठेवलं की लालसर पडतं, लोखंड गंजतं; तशी झीज आपल्या शरीरातही चालू असते. काही वनस्पतींच्या अर्कात ही झीज रोखणारा ऐवज असतो, त्याला आम्ही अँटिऑक्सिडंट म्हणतो. तो आहे की नाही हे तपासायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे एक जांभळं रसायन. त्यात अर्क टाकायचा आणि काळोखात ठेवून वाट बघायची. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उडतो आणि पाणी पिवळं पडतं. दम नसेल तर जांभळं ते जांभळंच. मशीन नंतर आकडे देतं, पण खरं तर नुसत्या डोळ्यालाही कळून चुकतं.

माझी वनस्पती म्हणजे काळवेल. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं गाव आहे, तिथे बांधाच्या कडेला ही वेल पावसाळ्यात माजते आणि दिवाळीनंतर हळूहळू वाळून जाते. तोडली की पानं घटकाभरात काळी पडायला लागतात, म्हणून काळवेल. गावातल्या गुऱ्हाळांवर हिचा मान मोठा. उकळता रस अंगावर उडाला की आधी काळवेलीचा पाला ठेचून लावतात, मग दवाखान्याचं बघतात. माझे वडील, भाऊसो कांबळे, गावातल्या एका गुऱ्हाळावर गुळव्या आहेत. काहिलीतला, म्हणजे त्या मोठ्या कढईतला, रस किती आटवायचा आणि कधी उतरवायचा हे ज्याच्या नजरेवर ठरतं तो गुळव्या. आबांच्या दोन्ही हातांवर चटक्यांचे डाग आहेत आणि ते सगळे काळवेलीनेच भरून आले असं त्यांचं म्हणणं. मी विषय निवडायला बसले तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही.

सुरुवातीला सगळं छान झालं, हेच तर दुखणं. पहिल्या वर्षी ऐन हंगामात मला डेंग्यू झाला. इकडे कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या खोलीवर मी तापाने फणफणलेली आणि तिकडे गावाला वेल वाळायला लागलेली. फोनवर मी आबांना सगळं बजावून सांगितलं: पाला उन्हात घालू नका, सावलीत वाळवा, कशात मिसळू नका, कोरड्या पोत्यात भरून पाठवा. आबांनी पाठवला. पोतं उघडलं तर पानं खडखडीत वाळलेली आणि रंग हिरवागार. माझ्या गाइड संयोगिता घोरपडे मॅडम एक पान हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या. पान काळं पडलं म्हणजे आतला ऐवज हवेने खाल्ला, हिरवं राहिलं म्हणजे तो शाबूत आहे, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात चूक काही नव्हतं. त्या अर्काने जांभळं पाणी डोळ्यांदेखत पिवळं केलं. काळोखात ठेवायची वेळसुद्धा आली नाही.

पुढचं सगळं काम मी त्या एका पोत्यावर उभं केलं. अर्कातले भाग वेगळे केले, ते पेशींवर घालून बघितले, भाजल्यावर लावायचं मलम तयार केलं. परदेशातल्या एका नियतकालिकात आमचा लेख छापून आला, माझं नाव पुढे आणि मॅडमचं मागे. गावातल्या विहारात माझा सत्कार झाला. आबांना बोलायला सांगितलं तर ते माइक धरून उभे राहिले, दोनदा घसा खाकरला आणि खाली बसले. आमच्या गल्लीतली मी पहिली डॉक्टर होणार होते, सुई न टोचणारी का असेना.

प्रबंध दोन परीक्षकांकडे गेला. एकाने वाहवा केली. दुसऱ्याने लिहिलं की आकडे विश्वास बसू नये इतके चांगले आहेत, तेव्हा उमेदवाराने ताजा पाला आणून हा प्रयोग गाइडसमोर पुन्हा करून दाखवावा. पोतं तर केव्हाच संपलं होतं. माझ्या नोंदणीची मुदतही वाढवून वाढवून संपत आलेली. वर्ष सरायच्या आत दाखवलं तर डॉक्टर, नाही तर सहा वर्षं मातीत. मला त्या परीक्षकाचा राग आला होता, पण भीती नव्हती. पाणी एकदा पिवळं झालंय, परत होईल की.

ह्या खेपेला मी कुणावर सोपवलं नाही. स्वतः गावाला गेले, स्वतः वेली तोडल्या, धुतल्या, प्रयोगशाळेत आणून पंख्याखाली सावलीत पसरल्या. दुसऱ्या दिवशी सगळा पाला काळा ठिक्कर. अर्क काढला, टाकला, काळोखात ठेवला. जांभळं. अगदीच काही नाही असं नव्हतं. रंग किंचित फिकट झाला होता, लिंबाच्या सालीनेही होतो तेवढा. तेवढ्यावर कुणी डॉक्टर करत नाही.

मग मी वेड्यासारखी मागे लागले. पहाटे दव असताना तोडून बघितली, दुपारी तोडून बघितली. ओढ्याकडची आणली, गडाच्या बाजूची आणली. बर्फाच्या डब्यात घालून आणली, तिचा चिखल झाला. रसायन जुनं असेल म्हणून नवीन मागवलं, पाण्यात दोष असेल म्हणून दुसऱ्या कॉलेजातून पाणी आणलं. मशीनवर संशय घेतला तर शेजारच्या टेबलावरच्या स्नेहलचे आवळ्याचे आकडे त्याच मशीनवर चोख येत होते. शेवटी मला माझ्या हातांचाच संशय यायला लागला. आमच्याकडे म्हणतात, एखाद्याच्या हाताला यश नसतं. मी विज्ञानाची बाई, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तरी मी स्नेहलच्या हातून अर्क टाकून घेतला. जांभळंच.

एका संध्याकाळी प्रयोगशाळेत मी एकटी होते. समोर क जीवनसत्त्वाची बाटली होती. तुलनेसाठी ती नेहमीच जवळ असते. त्यातलं नखभर अर्कात टाकलं असतं तर पाणी झक्क पिवळं झालं असतं आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं, बाटली कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली मॅडमच्या टेबलावर ठेवून आले. हा काही माझा मोठेपणा नव्हता. तिथे अजून थोडा वेळ बसले असते तर मी टाकलंच असतं.

दिवाळी होऊन गेली होती. बांधावरच्या वेली पिवळ्या पडायला लागल्या होत्या आणि त्या गेल्या की पुढच्या पावसाळ्यापर्यंत काही नाही. मॅडम रोज विचारायच्या, पहिल्या वेळी काय वेगळं होतं, नीट आठव. वेगळं एकच होतं. तेव्हा पाला आबांनी वाळवला होता. हे मला आधी का सुचलं नाही, तर मला वाटत होतं की शिकलेली मी, आबांपेक्षा माझी वाळवण चांगलीच असणार.

गावाला जाऊन आबांना, पाला तुम्हीच वाळवा, म्हटलं तर ते नुसते फुलले. एवढे दिवस एकटी मरत बसलीस आणि आम्हाला सांगायचं नाही होय, म्हणून आईसमोर दोनदा बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटच्या हिरव्या वेली हुडकून काढल्या. मला थांबू दिलं नाही. तू जा, तुझं काम बघ, माल पोचवतो. पाचसहा दिवसांनी ते स्वतः कोल्हापूरला येऊन पुडकं देऊन गेले. मी लगेच गाठ सोडली. आतला पाला हिरवागार होता.

मॅडमच्या समोर अर्क टाकला. जांभळं पाणी ढवळायच्या आतच पिवळं पडलं. मी मटकन स्टुलावर बसले आणि लहान पोरासारखी रडले. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला, त्यांचेही डोळे भरून आले होते. पण त्या शेवटी मॅडमच. डोळे पुसून म्हणाल्या, आता परीक्षक विचारणार की वाळवण्याची पद्धत काय. तू गावाला जा, वडिलांच्या शेजारी उभी राहा आणि ते काय करतात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये. मी त्या आनंदात लगेच निघाले. वाटेत आबांसाठी बालुशाही घेतली.

गुऱ्हाळ ऐन जोरात होतं. चुलवाणात चिपाडं धडाडत होती, काहिलीत रस खदखदत होता आणि आबा काठावर उभे राहून मळी काढत होते. रस तांबूस दिसायला लागला तसा त्यांनी खांबाजवळच्या पत्र्याच्या डब्यातून पांढरी पावडर काढली आणि चिमूटभर आत सोडली. रसाचा रंग उजळला. ही पावडर मी लहानपणापासून बघत आले आहे. सगळे तिला हायड्रॉस म्हणतात. गूळ काळपट होऊ नये, पिवळाधमक दिसावा, म्हणून ती टाकतात. बाजारात गिऱ्हाईक पिवळ्या गुळावरच हात ठेवतं. ती टाकू नये असं सांगतात, पण काळ्या गुळाकडे कुणी बघत नाही हेही खरं.

काहील उतरवल्यावर आबा हात पुसत माझ्याकडे आले. पाला कसा वाळवता ते बघायचंय म्हटल्यावर, दाखवतो बघ, म्हणाले. बांधावर एक वेल त्यांनी राखून ठेवली होती, तिचा पाला ते तोडून घेऊन आले. त्यांनी बादलीत पाणी घेतलं, त्याच डब्यातली चमचाभर पावडर त्यात टाकली, हाताने ढवळली आणि पाला बुडवून काढला. आई भातात मीठ टाकते तितक्या सहज. मग चुलवाणाच्या मागच्या कोरड्या खोलीत स्वच्छ धोतरावर एकेक पान सुटं करून पसरायला बसले.

मी दाराला धरून उभी होते. माझ्या डोक्यात सगळं एका क्षणात जुळलं आणि जुळू नये असं वाटत राहिलं. त्या पावडरीचं काम एकच, रंग उडवणं. गुळाचा उडवते, पानाचा काळेपणा उडवते, आणि जांभळ्या पाण्याचा रंगही तिनेच उडवला होता. काळवेलीत काही नव्हतं. माझे आकडे, माझा लेख, पेशींवरचे प्रयोग, मलम, विहारातला सत्कार, सगळं त्या पत्र्याच्या डब्यातलं होतं.

"आबा, ही पावडर कशाला?" मी विचारलं.

"मग काळं पडतंय की ते," आबा मान वर न करता म्हणाले. "पैल्या बारीलाबी असंच केलतं. तू म्हटलीस कशात मिसळू नका, तर मिसळलं न्हाय, नुसतं त्या पाण्यातनं काढलं. काळा पाला कालेजात कसा पाठवायचा? भाऊसोच्या घरचा माल हाय म्हटल्यावर कुणी नाव ठिवाय नको."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, काय चुकलं काय? माझा चेहरा बहुतेक पांढरा पडला असावा. मी म्हणाले, न्हाय आबा, बरोबर हाय. बालुशाहीचा पुडा त्यांच्या हातात दिला आणि पहिली मिळेल ती एस.टी. धरली.

एस.टी.त मी काय काय विचार केले ते सांगायला मला लाज वाटत नाही. गप्प बसायचं, हा पहिला विचार. पाला हिरवा आहे, पाणी पिवळं झालंय, मॅडमनी बघितलंय. सावलीत वाळवला, एवढंच सांगायचं. कोण येतंय गुऱ्हाळात बघायला? वाटेतलं केर्ली गाव येईपर्यंत मी डॉक्टर झाले होते. शिवाजी पूल आला तेव्हा मला दिसलं की उद्या कुणी तरी माझा लेख वाचून काळवेल तोडेल, वाळवेल, आणि त्याचंही पाणी जांभळंच राहील, आणि तोही माझ्यासारखा स्वतःचे हात बघत बसेल. खरं बोलायला धाडस लागतं म्हणतात. मला तर गप्प बसायचं बळ राहिलं नव्हतं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या आधी मानायलाच तयार नव्हत्या. मग त्यांनी बाहेरून हायड्रॉस मागवली, पाण्यात कणभर विरघळवून स्वतःच्या हाताने जांभळ्या रसायनात टाकली. ते इतकं लगेच पिवळं पडलं की आम्ही दोघी नळीकडे नुसत्या बघत राहिलो. त्या माझ्यावर ओरडल्या, की पहिल्याच वेळी वडिलांना नीट विचारलं का नाहीस. मी त्यांच्यावर ओरडले, की गाइड तुम्ही, तुम्ही का विचारलं नाही. त्यांचंही नाव त्या लेखावर होतं आणि त्यांचंही खाली जाणार होतं. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनीच लेख मागे घेत असल्याचं कळवलं आणि परीक्षकांना खरं काय ते सांगितलं. प्रबंधातलं एकही प्रकरण त्या पोत्याशिवाय उभं नव्हतं, त्यामुळे दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. नव्याने नोंदणी करायची तर सगळं पहिल्यापासून, आणि माझी शिष्यवृत्ती संपून गेलेली.

मी मॅडमना एकच मागितलं. माझ्या वडिलांना हे कळता कामा नये. त्या म्हणाल्या की माझ्या तोंडून कळणार नाही. त्यांनी शब्द पाळला, आणि तो पाळल्याची किंमतही त्यांनीच मोजली.

घरी जाऊन मी सांगितलं की प्रबंध नामंजूर झाला. आई ओट्याजवळ खाली बसली. आबांनी कारण विचारलं. मी म्हणाले, त्यांना पटलं नाही. आबा म्हणाले, पाणी पिवळं झालं होतं ना, बाईंनी बघितलं होतं ना, मग काय पटलं नाही? मी इकडचं तिकडचं बोलत राहिले आणि आबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा आवाज खाली आला.

"बाईंचं आडनाव काय म्हटलीस?"

"तसं न्हाय, आबा."

"मग कसं हाय ते सांग."

मी गप्प बसले. आबा तरुण असताना दुसऱ्या गावच्या एका गुऱ्हाळावर गुळव्या होते. त्यांच्या हातच्या ढेपेला बाजारात नाव मिळालं, व्यापारी विचारायला लागले की गुळव्या कोण, तेव्हा मालकाने दुसऱ्याच माणसाला पुढे उभं केलं. कांबळ्याच्या हातचा गूळ म्हटल्यावर गिऱ्हाईक तुटेल म्हणून. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं आणि पुन्हा कधी विषय काढला नव्हता. आता माझ्या गप्प बसण्याचा त्यांनी त्यांच्या अनुभवाप्रमाणे अर्थ लावला. मला तो दिसत होता. "नाही" म्हणायला मला पावडरीचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते मी घेतलं नाही. त्या रात्री कुणी जेवलं नाही आणि सकाळी मी पहिल्या गाडीने कोल्हापूरला आले.

दुपारी स्नेहलचा फोन आला, तुझे वडील विभागात आलेत, लवकर ये. मी धावत पोचले. मॅडमच्या केबिनबाहेर पोरं जमली होती. आबा विहारात घालून जातात तो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून टेबलासमोर उभे होते. आमच्याकडे साधं बोलणंही मोठ्याने असतं, पण हा आवाज मी ऐकला नव्हता. ते म्हणत होते की आमच्या हातचं खायला चालतं, आमच्या हातचा गूळ देवाच्या नैवेद्याला चालतो, फक्त नाव आमचं चालत नाही. तुमच्यासारख्यांच्या पोटात काय आहे ते आम्हाला पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. माझ्या पोरीचं आडनाव दुसरं असतं तर तुम्ही तिला पेढे भरवले असते.

मॅडम टेबलाच्या पलीकडे उभ्या होत्या. एक शब्द बोलत नव्हत्या. त्यांनी दारात मला बघितलं, आणि मला वाटलं आता त्या सांगतील, पण त्यांनी नजर खाली घेतली. मी पोरांच्या मागे उभी राहिले. एक पाऊल पुढे टाकायचं होतं, तेवढंच. मला ते टाकता येईना. आबा जे बोलत होते त्यातलं एक अक्षरही जगात खोटं नव्हतं, फक्त ह्या बाईच्या बाबतीत खोटं होतं.

"पाणी पिवळं झालतं का न्हाय?" आबांनी टेबलावर हात आपटला. "तुमच्या डोळ्यांदेखत झालतं का न्हाय?"

"झालं होतं, काका," मॅडम म्हणाल्या.

"मग कशापायी नापास केलासा पोरीला?"

पोरं मॅडमकडे बघत होती, कुणीतरी मोबाइल वर धरला होता. तेव्हा मी आत गेले. तो मोबाइल मी खाली करायला लावला, दार लावून घेतलं आणि म्हणाले, आबा, पावडरीनं झालं होतं ते. वेलीनं नाही.

त्यांना आधी कळलंच नाही. मी सगळं सांगितलं, गुळाचा रंग जसा उडतो तसा त्या पाण्याचा कसा उडतो ते. सांगताना मी त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीकडे बघत होते. मी बोलायची थांबले तरी ते तसेच उभे होते.

"चमचाभरानं एवढं हुतंय?" त्यांनी विचारलं.

"हुतंय, आबा."

ते मॅडमकडे वळले. आवाज एकदम लहान झाला होता. म्हणाले, "बाई, हिच्या हातनं न्हाय झालेलं ते. माझ्या हातनं झालंय. काय करायचं ते माझं करा, हिला पास करा."

मॅडम म्हणाल्या की काका, माझ्या हातात असतं तर मी केलं असतं. हे खरं होतं, आणि खरं असल्याचं आबांनाही त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. मग त्यांनी मघाशी जे बोललो त्याची माफी मागितली. मॅडम म्हणाल्या, सोडून द्या. आबा म्हणाले की सोडून द्या म्हणून ते सुटत नाही, बाई. मॅडमनी पाण्याचा पेला पुढे केला. आबांनी तो घेतला, पाणी प्यायले, पेला जागेवर ठेवला आणि बाहेर पडले.

मी मागोमाग गेले. जिन्याच्या वळणावर ते थांबले. मला वाटलं त्यांना चक्कर आली, म्हणून मी दंड धरायला गेले तर त्यांनी हात बाजूला केला.

"तुला कवा कळलं?"

"गुऱ्हाळावर. तुम्ही पावडर टाकलीसा तवाच."

"तवाच," ते म्हणाले. "आन् मी त्या बाईला नको नको ते बोलत हुतो, तवा तू दारात हुबी हुतीस."

मी होय म्हणाले. तुम्हाला लागेल म्हणून बोलले नाही, तुमचं मन मोडेल म्हणून बोलले नाही, असं काय काय मी एका दमात सांगत सुटले. सहा वर्षं गेली त्याचं काही नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, असंही म्हणाले, आणि ते खोटं आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"चूक माझी हुती, मी ती डोक्यावर घेतली असती," ते म्हणाले. "बापाला सांगता येत न्हाय, एवढा कच्चा समजलीस व्हय मला?"

खाली फाटकाशी रिक्षा उभी होती. आबांनी तीत मला बसवलं, रिक्षावाल्याला मंगळवार पेठ म्हणून सांगितलं आणि स्वतः स्टँडच्या दिशेने चालायला लागले. मी हाक मारली, तुम्हीही चला म्हणाले. त्यांनी हात वर केला, पण मागे वळून बघितलं नाही.